फाट्यापासून वेशीपर्यंत

सुलतानपूरच्या स्टँडवर आम्ही तिघे उभे होतो. मी, माझी बायको शोभा आणि आमची एकुलती एक मुलगी पूनम. सोबत एक ट्रंक, गॅसची शेगडी, दोन गाठोडी आणि गोदडीत गुंडाळलेला मिक्सर. पूनमच्या पायात पळायचे बूट होते, कारण पिशवीत त्यांना जागा उरली नव्हती. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा पिता पिता त्या बुटांकडे बघत होती. माझे मोठे भाऊ मोटारसायकलवर ज्वारीचा कट्टा घेऊन आले. तो आमच्या सामानाला टेकवून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या पळण्यासाठी घर हलवून राह्यला तू. लोकं हसतीन."

"हसू द्या भाऊ. त्यायचे दात, त्यायचं हसणं," मी म्हणालो.

संभाजीनगरची गाडी आली. कट्टा भाऊंनीच वर चढवून दिला. बीबी गेलं, दुसरबीड गेलं. सिंदखेडराजा आलं तेव्हा शोभा म्हणाली, "दर जानेवारीत इथं टॅक्टर भरून येतात आपल्या गावचे. घसा बसेपर्यंत जयजयकार करतात. अन् घरी जाऊन पोरीयचं पळणं बंद करतात."

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांसाठीही. गावात माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, मी भावाशी भांडून गेलो. दोन, मी पैशासाठी गेलो. दोन्ही खोट्या आहेत. मेहकरला अडत्याकडे वजनकाट्यावर माझी नोकरी नीट चालली होती आणि भावाशी माझं भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

खरं कारण एक रस्ता आहे. हायवेच्या फाट्यापासून आमच्या गावाच्या वेशीपर्यंत सव्वादोन किलोमीटरची डांबरी. मी ती मोटारसायकलच्या मीटरवर मोजली आहे. पूनम अकरावीत असताना पहाटे तिथं पळायला लागली. लष्कराच्या भरतीत मुलींना सोळाशे मीटर पळावं लागतं, ते तिनं कुठूनतरी माहीत करून घेतलं होतं. पंधरा दिवसांत पारावर चर्चा झाली. वयात आलेली पोर पँट घालून रस्त्यानं पळते, गावाची काही लाज आहे की नाही. ही तक्रार माझ्याकडे कोणी आणली नाही. बाप मी, पण घरात मोठे भाऊ, म्हणून ती भाऊंकडे गेली. भाऊंनी मला बोलावून सांगितलं, "वावरात पळू दे तिले. रस्त्यावर नाही."

वावर काळ्या मातीचं. ओलं असलं की पाय रुततो, सुकलं की ढेकळं. तिथं बैलसुद्धा जपून चालतो. मी भाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग नको पळू." त्या आठवड्यात मी संभाजीनगरच्या वाळूजला ओळखीच्या माणसाकडे नोकरीचं विचारलं. आमची जमीन भाऊंना बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिली आणि निघालो.

वाळूजला कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून आलेला पार्ट व्हर्नियरनं मोजायचा, मापात बसला तर ओके, नाहीतर रिजेक्ट. मला हे काम आवडतं. माझे वडील धान्य मोजताना एकच सांगायचे, "जेवढं हाये तेवढंच सांग." कारखान्यातही तेच करायचं असतं.

शहरानं आम्हाला डोक्यावर घेतलं असं मी सांगणार नाही. पहिली खोली पत्र्याची होती, पाणी टँकरचं. मी 'मले' म्हटलं की सुपरवायझर पुण्याचा, तो हसायचा. मी अजूनही 'मले' म्हणतो, त्याचं हसणं आपोआप थांबलं. पण एक गोष्ट शहरानं दिली. पूनम पहाटे ग्राउंडवर पळायची आणि कोणी मान वळवून बघत नव्हतं. तिथं पळणाऱ्या पोरींशी शोभानं ओळखी काढल्या. एक धाड गावची निघाली, एक मेहकरची. त्यांचेही आईबाप आमच्यासारखेच गाठोडी बांधून आले होते. ते ऐकल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली रुखरुख गेली आणि तिच्या जागी राग आला. तो अजून आहे.

दुसऱ्या प्रयत्नात पूनम अग्निवीर म्हणून सैनिकी पोलिसात निवडली गेली. पहिल्या प्रयत्नात नापास झाली होती, तेही सांगायला हवं. गावातून निरोप आला की चार वर्षांनी परत येईल आणि कुठल्यातरी गेटवर उभी राहील. मी उलट निरोप पाठवला, की मीही गेटमधूनच कामावर जातो, त्यात काही वाईट नाही.

ट्रेनिंग बंगळूरला. फोन फक्त रविवारी. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, फायरिंगमध्ये पहिली आले मी."

"कितीत?" मी विचारलं.

ती हसायला लागली. "मले माहीतच होतं, तुम्ही पहिलं हेच इचारसान. अख्ख्या बॅचमध्ये, बाबा."

"अन् पळण्यात?"

"तिसरी."

ज्या पळण्यासाठी आम्ही गाव सोडलं त्यात ती तिसरी आणि जी बंदूक तिनं आयुष्यात पाहिली नव्हती तिच्यात पहिली. मी फोन शोभाकडे दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. शेजारी विचारायला आला, काय झालं. मी सांगितलं, "फायरिंगमध्ये पहिली, पळण्यात तिसरी." त्याला दोन्ही सांगताना माझी छाती सारखीच फुगली होती.

ट्रेनिंग संपल्यावर शपथेची कसम परेड असते, तिला आम्ही दोघे गेलो. मुलींची रांग समोरून आली. सगळ्यांची पावलं एकदम पडत होती, हात एकाच उंचीला जात होते. मी रोज हजारात एक खोटा पार्ट शोधून काढतो, पण त्या रांगेत मला माझी पोर सापडेना. शोभानं माझं मनगट धरलं. "ते पाहा, डावीकडून. तिनं हनुवटी वर केली की नाही, तसंच करायची ती पारावरून जाताना." मग मला दिसली. फायरिंगचं मेडल घेताना तिनं सलाम केला. माझा हात नकळत कपाळाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. आपल्याला तो नीट येत नाही.

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला. 'गावची कन्या लेफ्टनंट पूनम, भारतात प्रथम.' खाली नऊ पुरुषांचे फोटो. त्यात पारावर तक्रार करणारे दोघे हात जोडून होते. शोभाचा फोटो नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं : ती लेफ्टनंट नाही, अग्निवीर आहे. भारतात नाही, तिच्या बॅचमध्ये पहिली, तेही फायरिंगमध्ये. कृपया दुरुस्त करा. त्यावर कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "काऊन लोकायचा हिरमोड करतो? मिरवणूक ठरली. तिची सुट्टी लागली की घेऊन ये."

मला भाऊंना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. भाऊंची धाकटी कोमल, यंदा अकरावीला. गेल्या महिन्यात तिनं चोरून शोभाला फोन केला होता. "काकू, मले तुमच्याकडे येऊ द्या. मले बी पळायचं आहे. इथं बाबा पळू देत नाही." म्हणजे माझ्या पोरीची मिरवणूक ज्या रस्त्यानं निघणार होती, त्याच रस्त्यावर भाऊंच्या पोरीला पाय टाकायची बंदी होती.

"भाऊ," मी म्हणालो, "ज्या दिवशी कोमल त्या रस्त्यावर पळेल, त्या दिवशी पूनम गावात येईल. त्याच्या आधी नाही."

"लोकं काय म्हणतीन?"

"त्यायनं मागंच म्हणलं. आता त छापलं बी."

भाऊंनी फोन ठेवला. मिरवणुकीची तारीख आली आणि गेली, आम्ही गेलो नाही. गावात मी माजलो असं ठरलं. ठरू दे.

पूनम सुट्टीवर आली. सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढून पिशवीत भरायला लागली. "बाबा, तुमची अट बरोबर आहे. पण कोमल एकटी कशी पळेल? कोणीतरी सोबत लागते."

तिनं मोठेबाबांना, म्हणजे भाऊंना, स्वतः फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही, दार लावून बोलली. दोन दिवसांनी उजाडता उजाडता आम्ही बापलेक फाट्यावर उतरलो. तिथं कोमल उभी होती, पायात शाळेचे पांढरे बूट. आणि तिच्या मागे मोटारसायकलवर भाऊ, तोंड आंबट करून.

"पोरीले एकटी कशी पाठवू?" ते मला म्हणाले. "बस मागं."

दोघी पळायला लागल्या. आम्ही भाऊ-भाऊ त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये. अर्ध्यावर कोमलला धाप लागली, पूनमनं वेग कमी केला, पण थांबू दिलं नाही. वेशीजवळच्या पारावर माणसं बसली होतीच. त्यातला फ्लेक्सवरचा एक जण ओरडला, "काऊन बे भाऊराव, सकाळी सकाळी काय चाललं हे?"

भाऊंनी गाडी थांबवली नाही, फक्त मान वळवली. "माह्या पोरी हायेत दोघी. रोज पळतीन. पटत नसन त तोंड तिकडं करून बस."

तो फ्लेक्स आता आमच्याच भावकीतल्या एकाच्या कुटारावर, गुरांच्या भुशावर, झाकायला आहे. लेफ्टनंट शब्द वरच्या बाजूला आलाय. दुरुस्ती कोणी केली नाही आणि त्या नऊ जणांपैकी कोणी शब्दही मागे घेतला नाही. कोमल मात्र पळते. पावसापाण्याचं चुकतं, एरवी रोज. भाऊ मागे असतात.

मला विचारतात, आता तुमचं गाव कोणतं. वाळूजला खोली भाड्याची, मालक म्हणाला तर सोडावी लागेल, म्हणून ते म्हणत नाही. आणि गाव अख्खं माझं आहे असंही म्हणणार नाही. जेवढं आहे तेवढंच सांगतो. फाट्यापासून वेशीपर्यंत, सव्वादोन किलोमीटर. पारापासून पुढचं अजून माझं व्हायचं आहे.