राष्ट्रीय उद्यानाला दोन फेऱ्या: एक पांढऱ्या गाडीतून, एक निळ्या

ज्या शहरात गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे फारशी जातच नाही, तिथे पळणारी गाडी कशाला हवी? हा प्रश्न मम्मीने मला महिनाभर रोज पोळ्या लाटता लाटता विचारला. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही, हे आधीच कबूल करते. "पदवी घेतलीस ती गाडी उडवायला?" हे त्याचं पुढचं वाक्य. घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे मी काहीही मागितलं की मध्ये पदवी येतेच.

तरी मला हवी होती. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण पोटात टर्बो इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद, अशी. माझे पप्पा विक्रोळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं साहेबांची गाडी चालवायचे. लहानपणी मी कॉलनीच्या फाटकाशी उभी राहायचे. ती काळी गाडी समोरून जायची, पप्पा मान न वळवता फक्त दोन बोटं उचलायचे. त्या गाडीत मी एकदाही बसले नाही. माझी ओढ तिथूनच आली असावी.

बजेटमध्ये दोन वापरलेल्या गाड्या होत्या. पांढरी जर्मन, सात गिअरची ऑटोमॅटिक, आता बनत नाही. ती माझ्या ऑफिसातल्या मृणालताईंची, मुलुंडला. निळी कोरियन, सहा गिअरची मॅन्युअल, माझ्या कॉलेजच्या मित्राची, प्रणवची, बोरिवलीला. दोघांनीही महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. मग मी ठरवलं, दोन रविवार, दोन गाड्या आणि रस्ता एकच: राष्ट्रीय उद्यानाभोवतीची पूर्ण फेरी. पवई, जोगेश्वरी, बोरिवली, दहिसर, घोडबंदर, ठाणे, मुलुंड. साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. सहा वाजता निघालात तर नाश्त्यासकट अडीच तास, आठनंतर निघालात तर देवच जाणे. छोट्या गाड्यांना आता नाक्यांवर टोल नाही, त्यामुळे खर्च पेट्रोल आणि मिसळीचा.

"जंगल उजव्या हाताला ठेवून फिरा," मम्मीने बजावलं. "आत कान्हेरीची लेणी आहेत. लेण्यांना उलटी फेरी घालायची नसते." म्हणून दोन्ही वेळा घड्याळाच्या काट्याप्रमाणे.

पहिला रविवार पांढरीचा. मृणालताई मागे बसल्या, पप्पा माझ्या शेजारी. दार बंद होतानाचा आवाज जाड, तिजोरीसारखा. पायाखाली आधी क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी निघते. गिअर कधी बदलला ते काट्याकडे बघितल्यावरच कळतं. पवईच्या उतारावर वळताना ती जराही कलली नाही. स्टिअरिंग जड, पण जिथे न्याल तिथेच जाणारं. पुढची चाकं गाडी ओढतातही आणि वळवतातही, त्यामुळे अशा गाड्यांचं नाक जोरात वळताना बाहेर सरकायला बघतं. हिचं नाक आधी सांगून मग सरकतं, म्हणून भीती वाटत नाही.

"ब्रेक उशिरा मारतेस," पप्पा जोगेश्वरीला म्हणाले.

"गाडीचा ब्रेक चांगला आहे ना पप्पा."

"गाडीचा असंल. मागं बसलेल्या बाईंची मान बघ."

"काका, माझी मान मस्त आहे, तुम्ही टेन्शन नका घेऊ," मागून मृणालताई हसल्या.

दहिसर ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागलो की डाव्या हाताला एक साधं मिसळीचं हॉटेल आहे. मिसळ ऐंशी रुपये, तर्री वेगळी मागावी लागत नाही. मी दारासमोर गाडी थांबवली. पप्पा म्हणाले, "तुम्ही उतरा, मी लावतो." आम्ही उतरलो. मी मृणालताईंना गिअरबॉक्स, सर्व्हिसिंग, टायर असं काय काय विचारत राहिले. तीन मिसळी आल्या. दोन संपत आल्या तेव्हा माझं तिसरीकडे लक्ष गेलं. पाव गार पडले होते.

बाहेर पप्पा गाडीच्या डाव्या बाजूला उभे होते, पाठ सरळ, हातात पुसायचं फडकं. काच आधीच पुसून झाली होती.

"पप्पा, आत का नाही आलात?"

"गाडी रस्त्यावर आहे ना."

"लॉक केलीय की!"

"तुम्ही खाऊन घ्या निवांत. मी आहे इथं."

ते रागावलेले नव्हते, हेच मला सहन होईना. तीस वर्षं ते असेच थांबले होते, लग्नांच्या हॉलबाहेर, हॉस्पिटलांबाहेर, आणि साहेब आत जेवत असायचे. आज आत मी जेवत होते. मृणालताई बाहेर आल्या, म्हणाल्या, "काका, चला ना, तुमच्याबरोबर मीही परत एक पाव खाते." मग आले. भराभर खाल्लं, तोंड दाराकडे ठेवून.

पुढे त्याच रस्त्यावरचा छोटा गायमुख घाट पप्पांनी चालवला. उजवीकडे जंगल, डावीकडे खाली खाडी. पांढरी त्यांच्या हातात पाण्यासारखी गेली, पण ज्या वेगाने गेली त्या वेगाने रिक्षाही जाते. मृणालताई मागे डुलकी घेत होत्या. ठाण्याला उतरताना पप्पा म्हणाले, "क्लच नाही, बरंय. गुडघा बोललाच नाही." त्यांचा डावा गुडघा निवृत्तीच्या आधीपासून दुखतो.

दुसऱ्या रविवारी पहाटेच्या बसने बोरिवली. प्रणव डोळे चोळत खाली आला, चावी फेकली. "दहाच्या आत आण. ओरखडा आणलास तर तुझ्या लग्नाला येणार नाही. काका, लक्ष ठेवा हिच्यावर, येडी आहे ही."

"लहानपणापास्नं," पप्पा म्हणाले.

निळीबद्दल काय लिहू? सस्पेन्शन कडक. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो. दार बंद होतानाचा आवाज डब्याच्या झाकणासारखा. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं, हातात मासा धडपडावा तसं. आकडे पाहिले तर दोघींत फारसा फरक नाही, आणि सांभाळून घेण्यात पांढरी उजवी. पण हिचा गिअर हातात खटकन बसतो, मागून पाइप घोगरा गुरगुरतो, आणि वाटतं की गाडी चालत नाहीये, मी चालवतेय. पांढरीत ते मला एकदाही वाटलं नव्हतं. दहिसर येईपर्यंत माझा निर्णय झाला होता.

घाटाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. "पप्पा, चालवता?"

"क्लच आहे गं तिला."

"फक्त घाट. दहा मिनिटं."

ते आले, सीट मागे घेतली, आरसा लावला. आरशात मागच्या सीटकडे एकदा बघितलं. पहिलं वळण नेहमीसारखं. दुसऱ्या वळणाआधी त्यांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, आणि माझं डोकं खिडकीकडे गेलं. काटा साठच्या वर गेला नसेल, पण गाडी वळणाला दोरीने बांधल्यासारखी फिरत होती. नाक बाहेर सरकायच्या आत पाय हलका, मग परत दाब. हे कुठे शिकलात, असं विचारायचं सोडून मी दाराचं हँडल धरून बसले. ते हसत होते. गाडी चालवताना पप्पांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांच्या गाडीत ते हसत नसत.

गायमुखला थांबलो. त्यांचा हात अजून गिअरवर.

"पप्पा! तुम्हाला असं येतं?"

"येतं म्हणजे काय. मागं कुणी बसलं नव्हतं ना."

मग उतरायला गेले आणि दाराला धरून तसेच थांबले. गुडघा वाकेना. पुढची सगळी फेरी मीच चालवली. ठाणे, मुलुंड, मग पवईचा ट्रॅफिक, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. निळी दहाच्या आत परत दिली, बिनओरखड्याची. घरी दोन दिवस गरम पाण्याची पिशवी. मम्मी शेकत शेकत बोलत होती, "बापलेक दोघं पण एका माळेचे मणी. हा साठीचा शर्यत लावायला गेला!"

त्या रात्री पप्पा म्हणाले, "निळी घे. तुझं मन तिथंच होतं."

"तुमचं पण तिथंच होतं."

"माझ्या मनाचं काय. मी आहे म्हणून पांढरी घेऊ नको, सांगून ठेवतो."

आता तुमचा प्रश्न: शेवटी चांगली कोणती? तुम्ही एकटे चालवणार असाल आणि तुमचे गुडघे शाबूत असतील तर निळी, डोळे झाकून. रोज लांबचं ऑफिस असेल, घरचे मागे बसणार असतील तर पांढरी. मला विचाराल तर पूर्व द्रुतगती मार्गावर तशी निळी दिसली की माझा डावा पाय आपोआप क्लच शोधतो. ही रुखरुख जाईल असं मला वाटत नाही, आणि ती जावी अशी घाईही नाही.

गेल्या महिन्यात प्रणवला 'निळी नको' असं कळवलं. तो "वाट लागली तुझी, परत मिळणार नाही" म्हणाला, ते खरंच आहे. पांढरी घेतली. पप्पा एक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या रविवारी सकाळी सहाला मी चावी त्यांच्या हातात दिली. "येतेस ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं, खाली जाऊन गाडीची चारही दारं नीट लागलीत का बघितलं, आणि मागची सीट रिकामी ठेवून त्यांना एकट्याला घाटाकडे जाऊ दिलं.