पल्लवीच्या नावावर क्रांतीचं तोंड

"आवं काकी, लेक तुमची आन् फोटू माझ्याकडं मागताय व्हय?"

"आगं, तिच्या मोबाईलात समदी तोंडं वाकडी केल्याली हायती. ब्यानरवर काय तसला लावायचा? तुमच्या कालिजातला येखादा बरा बघून त्या जयराजला धाड. आज गावला तर आईतवारी फाट्यावर उभा करतो म्हंतुय."

"बरं."

"आन् तू आल्याबिगर मिरवणूक हलायची न्हाई बघ. हलगी सांगितलीया. तुजी भन डाक्टर झाली, क्रांते!"

"झाली कुठं? आजून पाच-सा वरसं हायती," क्रांती म्हणाली. पण तोवर चुलतीनं, रंगूबाईनं, फोन ठेवला होता.

सांगलीच्या त्या खाजगी दवाखान्यात क्रांती नर्स म्हणून लागली, त्याच महिन्यात तिच्या चुलत बहिणीचा, पल्लवीचा, साताऱ्याच्या मेडिकल कॉलेजात नंबर लागला. चार वर्षं घासून क्रांती नर्सिंग पास झाली, तेव्हा वाडीत कुणी हलगी सोडा, साधी शिट्टी वाजवली नव्हती. पोरगी नोकरीला लागली, आता पोरगा बघा, एवढंच म्हणाले.

दोघी बरोबरच सांगलीला नर्सिंगला आल्या होत्या. एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या. कामात क्रांती उजवी. तिनं घातलेल्या चादरीवर सुरकुती शोधून सापडायची नाही, आणि मॅडम इतर पोरींना तिचा पलंग दाखवायला आणायच्या. पल्लवीचा पलंग म्हणजे शेरडं बसून उठल्यागत. दुसऱ्या वर्षी पल्लवीनं डॉक्टरकीच्या परीक्षेचा नाद धरला. ती कोपऱ्यात पुस्तकात डोकं घालून बसायची आणि तिची जर्नलं क्रांती लिहायची. लिहिता लिहिता क्रांतीच्याही मनानं घेतलं. तिनंही फॉर्म भरला. दोघी एकाच केंद्रावर जाऊन परीक्षा देऊन आल्या आणि दोघीही आपटल्या.

पल्लवीनं नर्सिंग सोडलं, घरी बसली आणि पुन्हा परीक्षेला बसली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा बसली. वाडीतली माणसं तोंडावर हसली तरी बसली. क्रांती मात्र एकदाच बसली. पल्लवीच्या अकलेचा तिला हेवा नव्हता, ती अक्कल तिनं जवळून बघितली होती. आपटून पुन्हा उठायचा जो निब्बरपणा पल्लवीकडं होता, तो आपल्याला का नव्हता, हे तिच्या पोटात गाठीसारखं बसलं होतं. आणि असली गाठ कुठल्या तपासणीत दिसत नाही.

तिनं मोबाईलमधले फोटो चाळले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच्या शपथविधीचा एक होता. पांढऱ्या कपड्यात दोघी शेजारी शेजारी. क्रांती ताठ, मान वर, डोळ्यांत चमक. पल्लवीचे डोळे अर्धे मिटलेले. पल्लवीचे एकटीचे चांगले फोटो नव्हते असं नाही, दहा होते. क्रांतीनं हाच धाडला.

जयराजचं दहिवडीत बॅनर छापायचं दुकान. वाडीतल्या पोरी त्याला तोंडानं ठाऊक नव्हत्या. लगेच त्यानं विचारलं, "ताई, ह्यातली डॉक्टर कंची?"

क्रांतीनं वाचलं. अंगठा अक्षरांवर जाऊन थांबला. तेवढ्यात वॉर्डातून कुणी हाक मारली, आणि हाक मारल्याचं तिला बरंच वाटलं. फोन खिशात गेला. दुपारी डबा खाताना पुन्हा तो प्रश्न दिसला. तेव्हा तर कुणी हाकही मारली नव्हती. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि फोन पालथा ठेवला.

आईतवारी ती एसटीनं फाट्यावर उतरली. समोरच बॅनर. खाली पांढऱ्या कपड्यांतले गावपुढारी हात जोडून, वर मोठ्या अक्षरांत 'एमबीबीएससाठी निवड झाल्याबद्दल कु. पल्लवी हिचे हार्दिक अभिनंदन', आणि मधोमध माणसाएवढं तोंड. क्रांतीचं.

खरं सांगायचं तर आधी तिला गारेगार वाटलं. चेहरा शोभत होता. जयराजनं गळ्यात कुठला तरी स्टेथोस्कोप चिकटवला होता, तोही बरोबर बसला होता. ती पिशवी हातात धरून बघतच राहिली.

"लेकी!"

रस्त्यावर मेंढरांचा लोंढा आडवा पसरला होता. मागं एसटी अडकून हॉर्न मारत होती आणि क्रांतीचा बाप, अर्जुना, काठी उंचावून ड्रायव्हरला सांगत होता, "थांब की रं गड्या! ती बघ, ती वर हाय न्हवं, ती माजी लेक हाय. डाक्टरीण!"

त्याला सांगितलं असणार कुणीतरी, डॉक्टर होणाऱ्या पोरीचा बॅनर हाय म्हणून. वाचता येत नव्हतं, पण पोटची पोर वळखायला शाळा लागत नाही. महिनाभर तो मेंढरं घेऊन रानोमाळ होता. पल्लवीचा नंबर लागल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. क्रांतीचा फोन दोनदा झाला होता, पण तेवढं एक सांगायला तिची जीभ उचलली नव्हती.

"मला सांगायचं तरी व्हतंस," अर्जुना जवळ आला. त्याचे हात हळदीनं पिवळे झाले होते. "बघितलं आन् हितंच भंडारा लावला. तो बघ, कपाळावर चांद आसल्याला. बिरोबाच्या नावानं सोडला. कळपात त्याच्यावाणी दुसरा न्हाई."

देवाला सोडलेला मेंढा विकत नाहीत, कापत नाहीत. तो कळपात मोकळा फिरतो, आणि कुणाच्या कशापायी सोडला हे धनगर पुढं वर्षानुवर्षं सांगत राहतात. क्रांती पुढं झाली. "आबा, आयका..."

पण हलगी वाजत आलीच. पुढं रंगूबाई, मागं फेटा बांधलेली पल्लवी, आणि घाम पुसत जयराज, चूक कानावर आल्यावर घाईनं छापलेल्या कागदाची गुंडाळी बगलेत घेऊन.

"आगं बया! माझ्या लेकीच्या नावावर हिचं थोबाड!" रंगूबाईनं कपाळावर हात मारला. हलगी थांबली.

"मी इचारलं व्हतं काकी. दोघींतली कंची म्हून. ताईचं उत्तरच न्हाई. ताठ हुबी व्हती ती घेतली मग," जयराज म्हणाला.

सगळे क्रांतीकडं बघायला लागले. पल्लवीनं बॅनरकडं बघितलं, मग तिच्याकडं. "झ्याक दिसतीस की. तोंड तयार हाय तर परीक्षेलाबी बस."

"तू गप ग."

"गप कशापायी? येकदा आपटलीस आन् बसलीस फुगून. मी तीनदा बसलीया."

"माझ्या जर्नलांवर!"

"व्हय, तुझ्याच. मी कवा न्हाई म्हटलं?"

पल्लवी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

अर्जुनाला उशिरा उमजलं. तो मेंढ्याकडं बघत म्हणाला, "मंग भंडारा लावलाय त्याचं काय करायचं?"

"माझ्या नावाचा ऱ्हाऊ दे त्यो," क्रांती चटकन बोलली.

"तू काय झालीस म्हून?"

"नर्स झालीया की. तवा कुणी कोकराला भंडाऱ्याचं बोट लावलं न्हाई."

अर्जुना घुटमळला. दाढी खाजवली. "तवा तू निसतं म्हणालीस, नोकरी लागली. नोकरीला मेंढा सोडत्यात व्हय कुणी?" मग देवाचं काम अडकायला नको म्हणून त्यानं निकाल दिला, "पुतणी म्हंजी लेकच. पल्लीच्या नावानं सोडला."

रंगूबाईनं पुढं होऊन मेंढ्याच्या कपाळावर आणखी चिमूटभर भंडारा टाकला. जयराज शिडीवर चढला आणि क्रांतीच्या तोंडावर पल्लवीचं तोंड डकवलं. कागद जरा लहान पडला. एका बाजूनं क्रांतीची वेणी बाहेर राहिली. हलगी सुरू झाली. क्रांती मिरवणुकीबरोबर चार पावलं चालली, कुणीतरी तिच्यावरही गुलाल टाकला, आणि परतीची गाडी दिसताच तिनं हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरताना कानामागचा गुलाल निघाला नव्हता. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याची कारभारीण दारातच उभी होती.

"सिस्टर, लाल काय लागलंय वो? लगीन का इलेक्शन?"

"भनीची मिरवणूक. मेडिकलला लागलीया."

"आन् तुमी?"

"मी हितं हाय न्हवं? सरका. मालकास्नी कुशीवर घ्यायचं हाय, पाठ लाल झाली आसंल." तिनं हातमोजे चढवले, म्हाताऱ्याच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा. "आबा, अंग सैल सोडा. मी धरलंय."