रांजणातली पाल

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना सांगितलं नाही. एकदा आईला सांगायला गेले होते, पण तिने विषय बदलला आणि मला बरंच वाटलं. आता तुम्हाला सांगते आहे. कसं सांगू — शाळेपासूनच सुरू करते.

आमचं हायस्कूल बाळापूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. सरकारने नाही, गावाने उभारलेलं. कोणी दगड टाकले, कोणी पत्रे दिले. कमलच्या वडिलांनी पाया खणला. नळ नव्हता, म्हणून पाण्याची पाळी ठरलेली — रोज एका घरच्या बाईने घागरी आणून लिंबाखालचा रांजण भरायचा. पाळी सगळ्यांना, वाडा-वस्ती न बघता. हेडमास्तर सरांचा तसा हट्टच होता.

कमल माझ्या बाकावरची. बोरं आणली की आधी माझ्या हातावर ठेवायची, मग स्वतः खायची. तिच्यासारखी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही — हे आत्ताच सांगून टाकते, पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

कमल बौद्धवाड्यातली. तिच्या घरची पाळी असली की आई मला बजावायची, आज शाळेत पाणी पिऊ नको. पाणी सगळ्यांचं एकाच हातपंपाचं बरं का! घागर तेवढी वेगळी. आणि मी? मी दिवसभर कोरड्या घशाने बसायचे. पोट दुखतं म्हणायचे.

एकदा उन्हाळ्यात, तिच्याच घरच्या पाळीच्या दिवशी, खो-खो खेळून आल्यावर, कमलने स्वतः पेला बुडवला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला. "पी की. काहून पिऊन न्हाई राहिली?"

सगळे बघत होते. प्यावं तर घरी कळणार. न प्यावं तर — तर कमलला कळणार. तिला कळू नये असं मला खरंच वाटत होतं, की मला स्वतःची लाज राखायची होती? अजून ठरवता येत नाही.

मी म्हणाले, "त्यात पाल हाय."

एवढंच. सर धावत आले, रांजण आडवा केला. पाल कुठून निघणार? पण गर्दीतून एकजण म्हणाला, "व्हय, म्या बी पाह्यली." झालं. कमल हातातला पेला घेऊन तशीच उभी होती. त्यातलं पाणी तिने लिंबाच्या बुंध्याशी ओतलं, हळूच, सांडू नये असं.

नंतर त्या घराची पाळी आलीच नाही. कोणी बंद केली नाही, कोणी काही बोललं नाही. अलीकडच्या घरानंतर पलीकडचं घर, असं चालू राहिलं. कमल दुसऱ्या बाकावर गेली. दहावीनंतर तिचं लग्न झालं, पूर्णा नदीकडच्या कुठल्याशा गावात.

यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. जुनी विद्यार्थिनी आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मला बोलायला उभं केलं. मी काय बोलले असेन? या शाळेने आम्हा सगळ्यांना एका रांजणाचं पाणी पाजलं, असं बोलले. टाळ्या पडल्या. मी मात्र मंडपात कमलला शोधत होते. पांढऱ्या केसांची प्रत्येक बाई तीच वाटायची. ती आली नव्हती.

तिची माय आली होती. पार वाकलेली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. भाषण संपल्यावर माझ्याजवळ आली, माझा हात धरला.

"बाई, त्या दिशी घागरीला फडकं बांधायचं माझ्याच्यानं राह्यलं. त्यातूनच पाल गेली असंन. लेकरायला काई झालं असतं म्हंजे? आजूक झोप लागत न्हाई मला. सरायनं पाळी बंद केली ते बराबरच केलं."

जन्मभर ती माझी पाल सांभाळून होती. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? तिचा हात माझ्या हातात होता, कमलचा पत्ताही तिच्याकडेच मिळाला असता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या, मावशी. जुनी गोष्ट झाली. आमी कुणी मनात ठेवलं न्हाई."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि मोकळी होऊन गेली. मी तिला माफ केलं होतं.