साडूच्या हातचं पेडल

मिस्त्रींना जगात दोन गोष्टी सहन होत नसत. एक पाठदुखी, दुसरा साडू. यंदा पहिलीनं त्यांना अंथरुणावर पाडलं आणि दुसऱ्यानं तेवढ्यात शाळेच्या मैदानावरचा गवत कापायचा ट्रॅक्टर पळवला.

पळवला म्हणजे काय, मिस्त्री महिनाभर उताणे पडलेले, म्हणून मोठ्या बाईंनी सर्व्हिसिंगला साडूला बोलावलं, इतकंच. पण एकोणीस वर्षं त्या पेडलांना परका हात लागला नव्हता! मिस्त्रींची पद्धतच न्यारी. चपला काढून सीटवर बसायचं, डोळे मिटायचे आणि अनवाणी पायानं आधी पुढे जायचं पेडल, मग मागे जायचं, असं हळूहळू दाबायचं. स्प्रिंग किती थकलीय, बेल्ट कुठे घसरतोय, सगळं टाचेला कळायचं.

"माझा गुडघा दोन वर्षं कुरकुरतोय," बायको म्हणायची, "त्याच्यासाठी नाही कधी डोळे मिटलेत!"

आता तीच बायको जेवताना सांगत होती, "धाकटीच्या यजमानांचं काम काय सुबक म्हणे! माळी सांगत होता, पेडल अगदी लोण्यासारखं चालतंय."

"पेडलला ग्रीस लागतं, लोणी नाही," म्हणत मिस्त्री अर्ध्या ताटावरून उठले.

रविवारी दुपारी, माळी पेंगत असताना, ते शाळेच्या शेडमध्ये शिरले. चोरून नव्हे हो. बाप लेकीला सासरी बघायला जातो तसे. आत अंधार. मागच्या चाकांपाशी एक दांडी असते. ती बाहेर ओढली की चाकं इंजिनापासून मोकळी होतात आणि बंद ट्रॅक्टर हातानं ढकलता येतो. मिस्त्रींनी दांडी ओढली, पाठीला शिव्या देत ट्रॅक्टर दाराच्या उजेडात आणला आणि खाली वाकले.

पेडलच्या दांड्यावरचा गवत-ग्रीसचा थर खरवडून साफ. नवं ग्रीस बेताचं. झिजलेली पुली बदललेली, बेल्टचा ताण नेमका. नाव ठेवायला नखाएवढी जागा नाही! वाईट काम करणाऱ्याला माफ करता येतं; असल्या माणसाचं काय करायचं? तेवढ्यात माळी खाकरला. मिस्त्रींनी ट्रॅक्टर घाईघाईनं आत लोटला आणि पाय काढला.

सोमवारी सकाळी माळ्याचा फोन. "काका, इंजिन बोंबलतंय, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. साडूसाहेबही आलेत. बाई म्हणाल्या, जो चालू करेल त्याच्याकडे वर्षभर काम."

एवढा आनंद मिस्त्रींना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. पाठ आपोआप सरळ झाली.

शेडमध्ये साडू कपाळाला ग्रीस फासून उभा. "दादा, पेडल-बेल्ट सगळं तपासलं. तुम्हीच बघा आता. माझंच काही चुकलं असणार."

"असणारच," मिस्त्री प्रेमानं म्हणाले. चपला काढल्या, बसले, डोळे मिटले, पेडल दाबलं. टाच म्हणाली, काही दोष नाही. मग मात्र मिस्त्रींचे डोळे खाडकन उघडले. ते उतरून मागे वाकले. दांडी कालच्यासारखीच बाहेर होती. त्यांनी ती गुपचूप आत ढकलली. माळ्यानं पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर तुरुतुरु मैदानात निघाला.

"काय झालं होतं, काका?" माळी ओरडला.

मिस्त्रींनी मनात हिशेब केला. गप्प राहिलं की झालं, ट्रॅक्टर घरी आला. पण साडूच पुढे झाला. "दांडी बाहेर होती. आत ढकलायची मीच विसरलो असणार. दादांचा हात तो दादांचा हात!"

या माणसानं ट्रॅक्टर घेतला, बायकोच्या तोंडचं कौतुक घेतलं, आणि आता हक्काची चूकसुद्धा!

"ए!" मिस्त्री कडाडले. "चूक माझी आहे! रविवारी येऊन मीच ओढली ती दांडी. तू कशाला मधे घुसतोस?"

माळ्यानं ट्रॅक्टर थांबवला. "मग बाईंना काय सांगू?"

"काम याचंच आहे, याच्याकडेच राहू दे," मिस्त्री चपला शोधत पुटपुटले. "पण महिन्यातून एकदा पेडल मी दाबून बघणार. अनवाणी."

घरी बायकोला गहिवरून आलं. "किती मोठं मन हो तुमचं! थांबा, धाकटीला फोन करते."

"नको!" मिस्त्री दचकले. "तो म्हणेल, तेही माझंच."