मिरचीचा डोळा

आमच्या नंदुरबारात लाल डोळ्याची चौकशी कोणी करत नाही. पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांचे डोळे लालच असतात. आईनं सगळं आयुष्य तेच काम केलं. त्यामुळे यंदा तिचा उजवा डोळा लाल झाला तेव्हा मी, शाळेत शिकवणारी शहाणी बाई, घरबसल्या निदान करून मोकळी झाले.

"हात धोई ले ना साबनघाई! कितला डाव सांगू तुले?" मी खेकसले. मिरचीचे हात साबणानं न धुता ती तसेच डोळ्याला लावते, असं मी धरूनच चालले होते. माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलवरून थेंब आणले आणि विषय संपवला.

डोळा सुजत गेला. मग ती सांगू लागली, "मन्हा डोकामा फुसफुस व्हई ऱ्हायनी, माय. बंदच व्हत नही."

"तुले रोज नवंच काहीतरी ऱ्हास," मी म्हटलं आणि पुन्हा पेपर तपासायला बसले. हे लिहितानाही मला लाज वाटते.

डोळा बाहेर आल्यासारखा दिसू लागला आणि तिला एकाची दोन माणसं दिसायला लागली, तेव्हा कुठे मी तिला सुरतेला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मिरचीचं काम बंद होऊन किती दिवस झाले?"

"होळीपासून बंद आहे," मी म्हणाले आणि बोटांवर महिने मोजले. मे महिना संपत आला होता.

त्यांनी आईला डोळे मिटायला लावले, उजव्या पापणीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि थोडं ऐकून त्याच्या नळ्या माझ्या कानांत दिल्या. फुस्स. फुस्स. फुस्स. मी तिचं मनगट धरलं होतं, तिथली नाडीही त्याच तालावर उडत होती. बिचारी पहिल्यापासून खरं सांगत होती.

मेंदूजवळ धमनीतलं रक्त भलत्याच शिरेत घुसत होतं आणि डोळ्यामागे तुंबत होतं. जांघेतून बारीक नळी थेट तिथवर न्यायची आणि तारेची वेटोळी भरून ती वाट बुजवायची, असं ठरलं. नाही केलं तर नजर जाणार. करताना अर्धांगाचाही धोका. सही मलाच करायची होती. केली.

तिला आत नेलं. मी बाकावर बसले, उठले, परत बसले. दार उघडलं की मी तिकडे धावायचे. दर वेळी नर्स दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायची. तिचा डोळा गेला तर तो मिरचीमुळे जाणार नव्हता, माझ्यामुळे जाणार होता. एवढी एकच गोष्ट मला त्या चार तासांत स्वच्छ कळत होती.

डॉक्टर बाहेर आले. वाट बंद झाली होती, नजर शाबूत होती.

आत आई उजवा पाय सरळ ठेवून पडली होती. डोळा अजून लालच होता.

"आवाज?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटून बराच वेळ कान दिला. "नही. बंद व्हई गया."

मला रडू आवरेना. पदरानं डोळे पुसत राहिले, तरी थांबेना. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मिरचीना हात लागना व्हई. धोई ले ना साबनघाई. कितला डाव सांगू तुले?"