नावाचा कोरा रकाना

दाखल्यासाठी मी नगरपंचायतीत बसलो होतो. शेजारी साक्रीकडचा एक म्हातारा वेल्डर होता. बोटांवर ठिणग्यांचे डाग. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेली बाई त्याने नांगराच्या मोडक्या फाळांतून घडवली होती. ती चौकात उभी करायला परवानगी हवी होती.

"कॉलेज शिकेल शे ना? मंग लिख," म्हणत त्याने अर्ज माझ्याकडून भरून घेतला. 'पुतळा कोणाचा' हा रकाना मात्र कोरा ठेवायला लावला.

"आबा, नाव नसेल तर अर्ज पुढे जात नाही," लिपिक म्हणाले.

आबांनी खिशातला पुतळ्याचा फोटो बाहीला पुसून आमच्यासमोर धरला. लिपिक बघतच राहिले. "माझी आई अश्शीच मान धरायची."

"म्हनीसन नाव टाकं नही. टाकं ते ती येकनीच व्हई जाई. आते ती बठ्ठासनी शे."

"सगळ्यांची," असं पुटपुटत लिपिकांनी रकान्यात आडवी रेघ मारली आणि अर्जावर आवक शिक्का उमटवला.

"वरून परत आला तर?" मी विचारलं.

"परत लिखूत," आबा हसले.

माझं शिक्षण आईच्या भाजीच्या पाटीवर झालं. घरी येताच मी तिला विचारलं, "बाजाराच्या वाटेवर तुझा फोटो कधी कोणी काढला होता का गं?"