गावांची नावं खोडणारा वाचक

लढाईभर, शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून, सैनिकांच्या पत्रांतून गावांची नावं खोडण्याचं काम केलेले एक गृहस्थ आमच्या सांगलीच्या वाचनालयात रोज येत. वर्तमानपत्रसुद्धा ते शाईत टाक बुडवूनच वाचत. वाचनालयानं भरवलेल्या अखिल भारतीय कथास्पर्धेच्या अंतिम यादीतल्या बारा कथा मी त्यांना शुद्धलेखनापुरत्या तपासायला दिल्या. शुद्धलेखन राहिलं बाजूला; गावाचं नाव किंवा गाडीची वेळ दिसली की ते काळं करत. तासगावच्या एका मास्तरीणबाईंच्या कथेची तर निम्मी पानं काळी झाली.

“अहो, लढाई संपलीय! बाईंचं बक्षीस घालवलंत तुम्ही!” मी म्हणालो.

“जाईना का, सायेब. गाव तर वाचलं!”

दुसरी प्रत नव्हती. मी कथा तशीच परीक्षकांकडे पाठवली आणि ती पहिली आली. अभिप्राय होता, ‘काय लिहू नये, हे या लेखिकेला नेमकं कळतं.’